सामाईक कडेवरचा प्रवाह

सदाशिव राव, डोनाल्ड विल्टन आणि अ‍ॅलन ग्लिसन या तिघांचा एक शोधनिबंध मे 1982 मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या, अँटेना आणि तरंगप्रसारणाला वाहिलेल्या नियतकालिकात आला. पान 409 ते 418. कोणत्याही आकाराच्या पृष्ठभागावरून विद्युतचुंबकीय लहरी कशा विखुरतात, याचं गणित या दहा पानांत आहे, आणि त्याच्या केंद्रस्थानी एक छोटं सूत्र आहे, एका ओळीत मावणारं. विमान रडारला कसं दिसेल हे काढायचं असो, जहाजावर अँटेना कुठे बसवावी हे ठरवायचं असो, हे हिशेब करणाऱ्या प्रोग्रॅम्समध्ये ते सूत्र चाळीस वर्षांनंतरही जसंच्या तसं बसलेलं असतं. जाणकार त्याला तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ‘आरडब्ल्यूजी’ म्हणतात. ते उपयोगी आहेच. मला ते आवडतं ते त्याच्या बांध्यासाठी. निसर्गाचा एक मूलभूत नियम त्यावर बाहेरून लादलेला नाही, तो सूत्राच्या आकारातच मुरलेला आहे. तो कसा मुरला, हे सावकाश वाचण्याजोगं आहे.

आधी प्रश्न समजून घेऊ. धातूच्या वस्तूवर रडारची लहर पडते. तिच्यातल्या विद्युतक्षेत्रामुळे धातूतले इलेक्ट्रॉन हलतात आणि पृष्ठभागावर प्रवाह वाहू लागतो. हा प्रवाह स्वतःच नव्या लहरी बाहेर टाकतो. विखुरलेल्या लहरी म्हणतो त्या याच. म्हणजे प्रवाह कळला की सगळं कळलं. तो कळण्यासाठी हाताशी एकच अट असते: उत्तम वाहक धातूच्या पृष्ठभागालगत, पृष्ठभागाला समांतर असं विद्युतक्षेत्र टिकू शकत नाही. आलेल्या लहरीचं आणि प्रवाहाने निर्माण केलेलं क्षेत्र मिळून तिथे शून्य व्हायला हवं. पण इथल्या प्रवाहाचा परिणाम तिथे होतो, तिथल्याचा इथे. प्रत्येक ठिकाणाचा संबंध दुसऱ्या प्रत्येक ठिकाणाशी. अज्ञात प्रवाह इंटिग्रलच्या आत अडकलेला राहतो. गोलासाठी हा प्रश्न नेमका सुटतो. गुस्ताव मी यांनी 1908 मध्ये सोन्याच्या कलिल द्रावणांचे रंग समजून घेताना गोलाचं उत्तर काढलं होतं. विमानाच्या आकाराला मात्र असं कागदावरचं नेमकं उत्तर नाही.

रॉजर हॅरिंग्टन यांच्या 1968 च्या पुस्तकाने मोमेंट पद्धतीची वाट घालून दिली होती. अज्ञात प्रवाह म्हणजे ओळखीच्या छोट्या फंक्शन्सची बेरीज असं मानायचं आणि प्रत्येकाला एक अज्ञात गुणक द्यायचा. मग इंटिग्रल समीकरणाच्या जागी एकसामयिक समीकरणांचा मोठा संच येतो, आणि तो संगणक सोडवतो. ती छोटी फंक्शन्स कोणती घ्यायची, हे मात्र पद्धत सांगत नाही. तिथे गणित करणाऱ्याची नजर लागते.

त्या काळात एक रूढ उपाय होता: वस्तूच्या जागी तिच्याच आकाराचा तारांचा सांगाडा कल्पायचा. कल्पना निराधार नव्हती. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तबकड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ती लगेच पटेल. त्या पत्र्याच्या नाहीत, बारीक तारांच्या जाळीच्या आहेत. वारा आरपार जातो, पण तरंगलांबीच्या मानाने भोकं फार लहान असल्यामुळे रेडिओ लहरींना ती जाळी सलग धातूसारखीच असते. तारांच्या सांगाड्यातून दूरवर विखुरलेली लहर बऱ्यापैकी मिळते. पृष्ठभागावरचा प्रवाह मात्र नीट मिळत नाही, कारण सांगाड्यात तो तारांच्या दिशेनेच वाहू शकतो. शिवाय तारेची जाडी किती धरायची हा प्रश्न उरतोच. दुसरा उपाय सलग चौकोनी तुकड्यांचा. ग्लिसन आणि विल्टन यांनी 1980 मध्ये तो फार नेटका मांडला होता. पण चौकोनांनी विमानाचं निमुळतं नाक किंवा पंखाचं मूळ मढवता येत नाही. त्रिकोणांनी काहीही मढवता येतं. राव यांचा मिसिसिपी विद्यापीठातला 1980 चा पीएच.डी. प्रबंध या त्रिकोणांवरच होता. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ आणि बंगळुरूची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स इथलं शिक्षण घेऊन ते तिथे गेले होते.

आता सूत्र. दोन त्रिकोण घ्या, एक कड सामाईक असलेले. एकाला धन म्हणू, दुसऱ्याला ऋण. प्रत्येकाचा एक शिरोबिंदू सामाईक कडेवर नसतो. त्याला मोकळा शिरोबिंदू म्हणू. धन त्रिकोणातल्या कोणत्याही बिंदूवर फंक्शनची दिशा मोकळ्या शिरोबिंदूकडून त्या बिंदूकडे, आणि किंमत त्या अंतराच्या प्रमाणात. ऋण त्रिकोणात दिशा उलट, बिंदूकडून मोकळ्या शिरोबिंदूकडे. दोन्हीकडे गुणक एकाच घडणीचा: सामाईक कडेची लांबी भागिले त्या त्या त्रिकोणाच्या क्षेत्रफळाची दुप्पट. या जोडीबाहेर सगळीकडे शून्य. एवढंच आहे ते.

कागदावर काढून पाहावं. धन त्रिकोणाच्या टोकाशी प्रवाह शून्य. तिथून बाण पसरत, वाढत सामाईक कडेकडे येतात, ती ओलांडतात आणि पलीकडे आकसत दुसऱ्या टोकाशी पुन्हा शून्य होतात.

या आकृतीच्या बाहेरच्या चार कडा आधी पाहू. मोकळ्या शिरोबिंदूतून निघणाऱ्या कडेवरचा कोणताही बिंदू घेतला, तर शिरोबिंदूपासून तिथपर्यंतची रेषा म्हणजे ती कडच. म्हणून तिथला बाण कडेलगतच राहतो, तिला ओलांडून बाहेर जात नाही. चारही कडा अशा बंद झाल्या. त्यासाठी वेगळी अट घालावी लागली नाही, जादा समीकरण लिहावं लागलं नाही. अंतर कुठून मोजायचं हे ठरवताच काम झालं.

मग सामाईक कड. तिच्यावर पोचणारे बाण एकाच दिशेचे नसतात; कुठे सरळ, टोकांकडे तिरपे. पण कडेला काटकोनात असलेला त्यांचा घटक कडेच्या पूर्ण लांबीवर सारखाच राहतो, कारण तो घटक म्हणजे शिरोबिंदूपासून कडेपर्यंतचं लंब अंतर, त्रिकोणाची उंची. आता तो गुणक पुन्हा वाचा. क्षेत्रफळाची दुप्पट भागिले पाया म्हणजे उंची, हे शाळेत आपण सगळेच शिकलो. गुणक याच्या बरोबर उलटा आहे, म्हणजे उंचीचा व्यस्त. उंची गुणिले तिचा व्यस्त: एक. दोन त्रिकोणांपैकी एक पसरट असो, दुसरा चिंचोळा असो, सामाईक कडेवर अलीकडून नेमका एक येतो आणि पलीकडे नेमका एकच जातो. बांध फोडून एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात सोडावं आणि बांधावर थेंबही अडू नये, तसं.

कडेवर काही न अडणं इतकं महत्त्वाचं का? प्रवाह एखाद्या रेषेवर एकदम तुटला तर त्या रेषेवर विद्युतप्रभार साचतो. प्रभार नाहीसा होत नाही आणि शून्यातून येत नाही, या नियमाला तिथे पळवाट नाही. समजा, प्रत्येक त्रिकोणात एक वेगळा स्थिर प्रवाह धरला असता. सोपं वाटलं असतं. पण मग प्रत्येक कडेवर प्रभाराची एक काल्पनिक रेघ उमटली असती, आणि अशा रेघेलगतचं क्षेत्र अनंताकडे जातं. ज्या पृष्ठभागावर क्षेत्र शून्य आहे का हे तपासायचं, त्याच पृष्ठभागावर अनंताची जाळी पसरली असती. आरडब्ल्यूजी फंक्शनच्या एकाही कडेवर अशी रेघ नाही.

मग प्रभार असतो कुठे? त्रिकोणांच्या अंगभर, एकसारखा पसरलेला. प्रवाह टोकापासून कडेपर्यंत ज्या पद्धतीने वाढतो, तिच्यामुळे त्रिकोणात प्रत्येक ठिकाणी प्रभार सारख्याच प्रमाणात येतो. त्याची घनता कडेची लांबी भागिले क्षेत्रफळ, या प्रमाणात. क्षेत्रफळाने गुणलं की त्रिकोणातल्या एकूण प्रभाराचं माप फक्त कडेच्या लांबीवर अवलंबून उरतं. शेजारच्या त्रिकोणातही लांबी तीच, कारण कड तीच. चिन्ह तेवढं विरुद्ध. बेरीज शून्य. वस्तूवर अशी हजारो फंक्शन्स पसरली, त्यांचे गुणक काहीही निघाले, तरी एकूण प्रभार शून्यच राहणार. संगणकाने आकडेमोडीत चूक केली तरीसुद्धा हा नियम मोडता येणार नाही. मला या सूत्रातलं सगळ्यात देखणं ते हेच वाटतं.

सूत्राने एक गोष्ट सोडूनही दिली आहे, आणि ती पाहिल्याशिवाय वाचन पुरं होत नाही. कडेच्या दिशेने वाहणारा प्रवाह कड ओलांडताना अखंड राहत नाही. त्यात उडी येते. लेखकांनी ती येऊ दिली, कारण कडेच्या दिशेने वाहणाऱ्या प्रवाहात उडी आली तरी प्रभार साचत नाही. सगळंच अखंड ठेवण्याचा मोह होऊ शकला असता: अज्ञात शिरोबिंदूंवर ठेवायचे आणि मधला प्रवाह त्यांवरून काढायचा. पण वळलेल्या पृष्ठभागावर एका शिरोबिंदूशी पाच-सहा त्रिकोण वेगवेगळ्या प्रतलांत भेटतात. तिथल्या बाणाने नेमकं कोणत्या प्रतलात राहायचं? कडेवर हा पेच उद्भवत नाही. कड दोघांचीच असते, आणि तिला ओलांडणारा प्रवाह हा केवळ एक आकडा असतो. पत्रा कितीही तीव्र कोनात वाकवला तरी तो आकडा तोच. अज्ञाताची जागा कडेवर आहे हे ओळखणं, हा माझ्या मते या निबंधातला निर्णायक क्षण आहे.

यामुळे प्रत्येक फंक्शनच्या अज्ञात गुणकालाही सरळ अर्थ आला. तो म्हणजे त्या कडेला काटकोनात ओलांडणाऱ्या प्रवाहाची घनता. पत्रा जिथे संपतो त्या कडेवरून प्रवाह कुठे जाणार? कुठेच नाही. म्हणून तिथे अज्ञातच ठेवायचं नाही. सीमेची अट न लिहिता पाळली जाते. एका त्रिकोणात जास्तीत जास्त तीन कडांची फंक्शन्स येऊन मिसळतात. एकेकटं फंक्शन कृत्रिम दिसतं, कारण टोकापासून पसरणारा असा प्रवाह खऱ्या धातूवर सहसा आढळत नाही. तिघं योग्य प्रमाणात मिळाली की मात्र त्रिकोणात कोणत्याही दिशेचा सरळ, स्थिर प्रवाह तयार होतो.

समीकरण तपासण्यासाठीही लेखक तीच फंक्शन्स वापरतात आणि मग एक धीट सोपेपणा करतात: त्रिकोणभरची सरासरी काढण्याऐवजी मध्यगासंपाताशी असलेली किंमत घेतात. त्यामुळे प्रत्येक कडेचं समीकरण एका छोट्या वाटेचं होतं. धन त्रिकोणाच्या मध्यगासंपातापासून कडेच्या मध्यबिंदूपर्यंत, तिथून ऋण त्रिकोणाच्या मध्यगासंपातापर्यंत. त्या वाटेवर आलेल्या लहरीचं व्होल्टेज एका बाजूला, आणि सगळ्या कडांवरच्या प्रवाहांनी तिथे निर्माण केलेलं व्होल्टेज दुसऱ्या बाजूला. मॅक्सवेलच्या समीकरणांपासून निघालेलं हे अवजड गणित शेवटी ओहमच्या नियमासारखं वाचता येतं. विद्युत अभियंत्याला ते परकं वाटत नाही. हिशेबाची काटकसरही इथे आहे: दोन त्रिकोणांमधला परिणाम एकदा काढला की तो जास्तीत जास्त नऊ ठिकाणी वापरता येतो, कारण दोन्हींना तीन-तीन कडा. म्हणून प्रोग्रॅम कडेकडेने न चालवता त्रिकोणात्रिकोणाने चालवावा.

उदाहरणांची निवड बोलकी आहे: सपाट चौरस पत्रा, वाकवलेला पत्रा, गोल चकती, गोल. पत्र्याच्या मोकळ्या कडेशी प्रवाहाची मोठी कसोटी लागते, कारण कडेच्या दिशेने वाहणारा घटक तिथे बेसुमार वाढतो आणि कडेकडे जाणारा शून्य होतो. वाकवलेल्या पत्र्यावर प्रवाह घडीवरून कसा जातो ते दिसतं. चकतीची कड वर्तुळाकार, त्रिकोणांना ती सरळ रेषांनी गाठायची. गोल बंद, आणि त्याच्यापाशी मी यांचं नेमकं उत्तर तुलनेला तयार. पहिल्या तिन्ही वस्तू उघड्या आहेत हेही महत्त्वाचं. चुंबकीय क्षेत्रावर आधारलेलं समीकरण फक्त बंद वस्तूंना चालतं. विद्युतक्षेत्राचं समीकरण दोन्हींना. निवड तिथेच ठरली होती. चारही ठिकाणी दाखवला आहे तो प्रवाह. दूरवर विखुरलेली लहर ही सरासरीसारखी असते, तिच्यात प्रवाहातल्या चुका झाकल्या जातात. प्रवाहच दाखवायचा म्हणजे उत्तराचा सर्वांत नाजूक भाग वाचकासमोर ठेवायचा.

निबंध धातूपुरता आहे, पण सूत्र तिथे थांबलं नाही. प्लास्टिक, काच, पाणी, शरीरातल्या पेशी अशा डायइलेक्ट्रिक वस्तूंमध्ये लहर आतही शिरते. पृष्ठभागाला समांतर विद्युतक्षेत्र शून्य राहत नाही, म्हणून पृष्ठभागावर दोन काल्पनिक प्रवाह मानावे लागतात, एक विद्युत, एक चुंबकीय. ते बाहेरचं क्षेत्र एका माध्यमातून आणि आतलं दुसऱ्या माध्यमातून घडवतात. दोन्ही बाजूंची क्षेत्रं पृष्ठभागावर जुळली पाहिजेत, ही अट. कोरडा उमाशंकर, अ‍ॅलन टाफ्लव्ह आणि राव यांनी 1986 मध्ये कोणत्याही आकाराच्या एकजिनसी डायइलेक्ट्रिक वस्तूंसाठी हे केलं तेव्हा दोन्ही प्रवाहांना तेच त्रिकोणजोडीचं फंक्शन दिलं. अज्ञात दुप्पट झाले, म्हणजे समीकरणांची मॅट्रिक्स चौपट; शिवाय आत तरंगलांबी आखूड होते, म्हणून त्रिकोणही बारीक करावे लागतात.

वस्तू एकजिनसी नसेल तर पृष्ठभाग पुरत नाही, आतला सगळा आकार भरावा लागतो. डॅनियल शॉबर्ट, विल्टन आणि ग्लिसन यांनी 1984 मध्ये तो चतुष्फलकांनी भरला. सूत्र वाचताच ओळख पटते: सामाईक कडेच्या जागी सामाईक पृष्ठ, कडेच्या लांबीच्या जागी त्या पृष्ठाचं क्षेत्रफळ, आणि क्षेत्रफळाच्या दुपटीच्या जागी घनफळाची तिप्पट. पुन्हा उंचीचा व्यस्त. पण एक बारीक फरक त्यांनी केला, आणि तो मोलाचा आहे. दोन वेगळे डायइलेक्ट्रिक भेटतात तिथे त्यांच्या सीमेवर बद्ध प्रभार खरोखरच असतो, म्हणून प्रवाह अखंड ठेवणं चूक ठरलं असतं. पृष्ठाला काटकोनात अखंड राहतं ते विद्युत विस्थापन. फंक्शन त्यांनी त्यालाच दिलं. कोणती राशी सीमा ओलांडताना अखंड राहते, हे आधी ओळखायचं आणि मगच सूत्र बसवायचं, ही शिस्त दोन्ही निबंधांत एकच आहे.

गणितज्ञांनी हाच आकार वेगळ्या वाटेने गाठला होता. पी. ए. राव्हियार आणि जे. एम. तोमा यांनी 1977 मध्ये विवर्तुळी समीकरणांसाठी जे घटक मांडले, त्यांतला सर्वांत साधा घटक सपाट प्रतलात हाच आहे. त्यांचा प्रश्न अँटेनाचा नव्हता. राशी अखंड वाहावी आणि तिचा हिशेब जुळावा ही गरज मात्र सारखी होती, आणि त्रिकोणावर ती भागवणारा सर्वांत साधा आकार हाच निघतो.

सूत्राला मर्यादा आहेत आणि त्या लपवण्यासारख्या नाहीत. कंप्रता फार कमी झाली की प्रवाहाचा परिणाम नगण्य होतो आणि प्रभाराचा प्रचंड. दोन्हींची बेरीज करताना संगणकाच्या मोजक्या अंकांत प्रवाहाचा वाटा हरवतो. वर्तुळात फिरणारे, प्रभार न साचवणारे प्रवाह त्याला दिसेनासे होतात. उपाय सापडला तो याच फंक्शन्समध्ये. एका शिरोबिंदूभोवतीच्या सगळ्या कडा घ्या, प्रत्येकीचं फंक्शन तिच्या लांबीने भागा, दिशा एकाच फेऱ्याच्या ठेवा आणि बेरीज करा. प्रत्येक त्रिकोणात एका कडेचं धन आणि दुसरीचं ऋण येतं, प्रभार तंतोतंत पुसला जातो. उरतो तो शिरोबिंदूभोवती बाहेरच्या कडांना समांतर फिरणारा प्रवाह. बंद वस्तूंचा आणखी एक त्रास आहे: आतल्या पोकळीच्या अनुनादी कंप्रतांवर विद्युतक्षेत्राचं समीकरण एकटं भरवशाचं राहत नाही, तिथे चुंबकीय क्षेत्राचं समीकरण मिसळावं लागतं.

खरी अडचण आकाराची. रडारची कंप्रता 10 गिगाहर्ट्झ धरली तर तरंगलांबी 3 सेंटिमीटर. त्रिकोणाची बाजू तिच्या एक दशांश ठेवायची, तर एक चौरस मीटर पत्र्यावर सुमारे 3 लाख 85 हजार कडा येतात. मॅट्रिक्समध्ये या संख्येचा वर्ग, म्हणजे जवळजवळ 15 हजार कोटी संमिश्र आकडे. दुहेरी अचूकतेने नुसते साठवायलाच सुमारे 2.4 टेराबाइट. पूर्ण विमानासाठी हा मार्ग बंदच. व्लादिमीर रॉखलिन यांच्या फास्ट मल्टिपोल कल्पनेवर इलिनॉय विद्यापीठात वेंग चो च्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात जी बहुस्तरीय पद्धत उभारली, तिने तो उघडला. दूरदूरच्या कडांचे गट करून त्यांचा एकमेकांवरचा परिणाम गटागटाने काढायचा. श्रम संख्येच्या वर्गाने वाढत होते, ते संख्या गुणिले तिचा लॉगरिदम इतक्यावर आले. गट मात्र एकमेकांपासून पुरेसे दूर असावे लागतात. शेजारच्या त्रिकोणांना गटात घालता येत नाही; त्यांचा एकमेकांवरचा परिणाम आजही एकेक जोडी घेऊन, कडेची लांबी भागिले दुप्पट क्षेत्रफळ, असाच मोजला जातो.